गेरू नक्की कोणता? वृंदावनाचा, औषधाचा आणि रंगाच्या डब्यातला

माजघर (धागाकर्ती)

तुळशीच्या लग्नाआधी वृंदावनाला गेरू द्यायचा, हे आमच्याकडे ठरलेलं. गावी मातीचं मोठं वृंदावन होतं. इथे पुण्यात बाल्कनीत दीड फुटाचं सिमेंटचं आहे, पण त्यालाही गेरू आणि वरून चुन्याची बोटं ओढल्याशिवाय मला चैन पडत नाही. यंदा नेहमीचं दुकान बंद होतं म्हणून दुसरीकडून पाव किलोची पुडी आणली. पुडीवर "शुद्ध गेरू" असं छापलेलं. हाताने कालवायला घेतला आणि नखांपासून मनगटापर्यंत हात गुलाबी झाले. साबण लावला, बेसन लावलं, लिंबू चोळलं, तरी दोन दिवस रंग हटला नाही.

तिथेच शंका आली. गेरू हाताला लागतो, कपड्याला तर फारच लागतो, पण पाण्याखाली धरला की हातावरून निघून जातो. तो माती आहे, रंगद्रव्याचा कण आहे. कातडीत मुरत नाही.

मी २९ वर्षं ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आहे, त्यामुळे स्वस्थ बसवेना. काचेचे दोन पेले घेतले. एकात गावाहून आणलेल्या जुन्या गेरूचा चमचाभर भुगा, दुसऱ्यात ही नवी पुडी. दोन्हींत पाणी घालून ढवळलं आणि रात्रभर ओट्यावर ठेवलं. सकाळी पहिल्या पेल्यात तळाला बोटभर विटकरी थर बसलेला आणि वरचं पाणी जवळजवळ स्वच्छ, पलीकडचा गॅसचा बर्नर दिसत होता. दुसऱ्या पेल्यात वरचं पाणी सरबतासारखं गुलाबी आणि तळाचा थर फिकट, पांढुरका. मग दोन्ही कोरड्या पुडींवर लिंबाचे चार थेंब टाकले. जुना गेरू ढिम्म. नवा फसफसला. म्हणजे खडूच्या भुकटीला विरघळणारा रंग चढवला होता. त्या पुडीत गेरू असलाच तर नावापुरता.

हे लिहायचं कारण एवढंच की "गेरू" या एका नावाखाली आपल्या घरात तीन-चार वेगळ्या गोष्टी येतात. त्यातली एक त्यामानाने निरुपद्रवी आहे आणि एक खरोखर विषारी. लाल दिसतं ते सगळं एक नव्हे.

आधी खरा गेरू काय ते सांगते. त्याचा लाल रंग हेमाटाइट नावाच्या खनिजाचा. लोखंडाचे दोन आणि ऑक्सिजनचे तीन अणू असा हा ऑक्साइड, वजनात सुमारे ७० टक्के लोखंड. नाव ग्रीकमधल्या रक्ताच्या शब्दावरून आलं. गंमत म्हणजे हेमाटाइटचा चांगला स्फटिक लाल नसतोच, तो पोलादी काळा आणि चकचकीत असतो. पण टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासला की तांबडी रेघ उठते. कण बारीक झाले की लाल, जाड राहिले की काळा. आपला गेरू म्हणजे हेमाटाइटचे अतिबारीक कण चिकणमातीत मिसळलेले. म्हणून तो नखाने खरवडता येतो. शुद्ध खनिज मात्र काच ओरखडण्याइतकं कठीण असू शकतं.

पिवळी माती ही त्याची बहीण. तिच्यात लोखंडाचा ऑक्साइड पाण्याचा अंश धरून असतो. जुन्या तव्यावर (जो पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही) चमचाभर पिवळी माती मोठ्या आचेवर भाजून पाहा. अडीच-तीनशे अंशांच्या आसपास ते पाणी निघून जातं आणि डोळ्यांदेखत पिवळ्याचा लाल होतो. कॉलेजात हा प्रयोग दाखवताना शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे यायची.

तुमच्याकडे गेरू कुठून येतो, कशासाठी वापरता, ते लिहा. आणि पेल्याचा प्रयोग जरूर करून पाहा.

मांडवीकाठ

ताई, आमच्या गोव्यात याला काव म्हणतात. कावेवरून कावी हे नाव पडलेली भिंतीवरची कला गोवा, कोकण आणि कारवारच्या बाजूला जुन्या देवळांत आणि मोठ्या घरांत दिसते. पद्धत अशी: भिंतीवर चुन्याचा पांढरा गिलावा, त्यावर काव मिसळलेल्या चुन्याचा तांबडा पातळ थर, आणि तो ओला असतानाच अणकुचीदार लोखंडी हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. वेली, हत्ती, मोर, दशावतार सगळं दोनच रंगांत. पावसाच्या माऱ्यात शंभर-शंभर वर्षं टिकलेले नमुने आहेत, कारण चुन्यासारख्या तीव्र पदार्थानेही हा रंग मरत नाही आणि उन्हाने उडत नाही. तुमच्या पुडीतला गुलाबी रंग चुन्यात घातला असता तर फार दिवस टिकला नसता.

जुन्या गवंड्यांच्या तोंडी या तांबड्या रंगाला हुरमुंजी हा शब्दही मी ऐकलाय. इराणच्या आखातात होर्मुझ नावाचं बेट आहे, तिथली माती अशीच रक्तासारखी लाल. तिथून गलबतांतून रंग बाहेर जायचा.

रंगारी

ताईंच्या पेल्याला अनुमोदन. माझा इमारत रंगकामाचा धंदा आहे, २० वर्षं झाली. गिऱ्हाईक "गेरू कलर" म्हणतं तेव्हा त्याला तीन वेगळ्या वस्तू अपेक्षित असू शकतात, म्हणून मी आधी विचारून घेतो.

एक, रेड ऑक्साइडची पावडर. बहुतेक कारखान्यात बनवलेला हाच ऑक्साइड, फक्त मातीशिवाय, म्हणून रंग जास्त भरतो. लाल कोबा करायला हीच. सिमेंटच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर घालू नका, कोबा कमजोर होतो. थर घातल्यावर लोखंडी थापीने घोटायचा, आणि घोटताना घाई करणाऱ्याच्या कोब्याला ढग येतात. आजोळी तुम्ही ज्या गार लाल जमिनीवर दुपारी झोपलात ती हीच.

दोन, लोखंडाच्या ग्रिलला लावायचा रेड ऑक्साइड प्रायमर. इथे मात्र नीट वाचा. बाजारातल्या पुष्कळ डब्यांवर "रेड ऑक्साइड झिंक क्रोमेट" लिहिलेलं असतं. रेड ऑक्साइडचा त्रास नाही, त्रास क्रोमेटचा. तो क्रोमियमचा जो प्रकार आहे तो कर्करोगाला कारण ठरणारा म्हणून जगभर नोंदलेला आहे. आणि फार जुन्या गेटांवर, पुलांवर तर शिशाचा शेंदरी प्रायमर असायचा. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा, तोंडाला एन-९५ मास्क लावा, खाली प्लास्टिक अंथरा आणि तो गाळ झाडाच्या कुंडीत टाकू नका. माझ्या हाताखालच्या पोरांना हे सांगून सांगून माझा घसा बसतो. नुसता रुमाल बांधून काही होत नाही.

तीन, खरा गेरू. तो आता कुंड्या, वृंदावन आणि गणपतीच्या आराशीपुरताच राहिलाय. त्यात थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल घाला, म्हणजे हाताला पुसून येणार नाही.

सातच्या आत

आमच्या घरी अंगावर पित्त उठलं की गेरू लावतात. आजी सहाणेवर उगाळून लावायची. खाज लगेच कमी व्हायची, हे मी स्वतः अनुभवलंय. यात काही तथ्य आहे का? आता मुलीला (वय ६) लावावा का?

माजघर

@सातच्या आत, लावल्यावर बरं वाटतं यात खोटं काही नाही. ओल्या बारीक मातीचा लेप वाळताना कातडीतली उष्णता ओढून घेतो, गार वाटतं, खाजवणं थांबतं. तुमच्या फडताळात कॅलामाइन लोशनची बाटली असेल तर तिचा गुलाबी रंग पाहा. तो झिंक ऑक्साइडमध्ये घातलेल्या किंचित फेरिक ऑक्साइडचा आहे. लिपस्टिक, रूज, कॉम्पॅक्ट यांतही हाच असतो. वेष्टनावर ७७४९१ हा आकडा दिसला की तो लाल लोह ऑक्साइड समजायचा. कातडीला त्याचं वावडं सहसा नसतं.

पण तो कॉस्मेटिकचा, शिसं-आर्सेनिक किती चालेल याची मर्यादा पाळून केलेला. रंगाच्या दुकानातली पुडी ही भिंतीसाठी असते. सहा वर्षांच्या मुलीला ती लावू नका, कॅलामाइन आणा. आणि पित्त उठताना ओठ, पापण्या किंवा जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, श्वास लागला तर गेरूही नको, आमसुलाचं पाणीही नको. तडक दवाखाना गाठा. तिथे मिनिटांचा प्रश्न असतो.

सहाण

मी आयुर्वेदाची पदवीधर आहे, प्रॅक्टिस करते. ग्रंथांत याला गैरिक म्हणतात, मऊ आणि चांगल्या प्रतीच्याला सुवर्णगैरिक, बोलीत सोनगेरू. तो तसाच पोटात द्यायचा नसतो, आधी गाईच्या तुपात परतून शोधन, म्हणजे शुद्धीकरण करतात. लघुसूतशेखर ही अम्लपित्ताची गोळी पुष्कळांच्या घरात असते. ती मुख्यतः शुद्ध सोनगेरू आणि सुंठ यांना विड्याच्या पानाच्या रसाची भावना देऊन, म्हणजे त्या रसात खलून करतात. त्या गोळीचा तांबूस रंग गेरूचाच.

मुद्दाम लिहायचं ते दुसरंच. माझ्याकडे गरोदर बायका येतात, सासूला चोरून माती खाणाऱ्या. कोणी भाजलेली माती, कोणी पाटीवरची पेन्सिल, कोणी गेरूचे खडे. एकीने तर पर्समधून खडा काढून दाखवला, एका बाजूने दातांनी झिजवलेला, खडीसाखरेसारखा. तिला वाटत होतं की गेरूत लोखंड असतं, म्हणजे रक्त वाढेल. माझी सगळ्यांना विनंती आहे, हा समज घरोघरी खोडून काढा. गेरूतलं लोखंड पोटात जवळजवळ विरघळतच नाही, आलं तसं बाहेर जातं. उलट मातीमुळे अन्नातलं आणि गोळीतलं लोह अंगाला लागायचं कमी होतं. माती खावीशी वाटणं हेच पुष्कळदा रक्त कमी असल्याचं लक्षण असतं. तिला रागावू नका, हिमोग्लोबिन तपासा आणि लोहाच्या गोळ्या नियमित द्या. त्या बाईचं हिमोग्लोबिन सात निघालं होतं. गोळ्या सुरू केल्यावर दोन महिन्यांत तिची मातीची ओढ आपोआप गेली.

वाळवंटातला मराठी

मस्कतहून लिहितोय. बायकोने इथे "हेमाटाइट मॅग्नेटिक ब्रेसलेट" घेतलं, रक्तदाबाला चांगलं म्हणून. धागा वाचून टाइलवर घासलं, लाल रेघ आली नाही, करडी आली. फ्रिजला मात्र घट्ट चिकटतं. म्हणजे काय समजायचं?

माजघर

खरं हेमाटाइट लोहचुंबकाला जेमतेम प्रतिसाद देतं, फ्रिजला चिकटण्याइतकं कधीच नाही. जोरात चिकटणारा लोखंडाचा ऑक्साइड म्हणजे मॅग्नेटाइट, वेगळं खनिज, त्याची रेघ काळी. तुमचं ब्रेसलेट कारखान्यात केलेल्या चुंबकी फेराइटचं असणार. रक्तदाबाची गोळी त्याच्या भरवशावर बंद करू देऊ नका, एवढं त्यांना माझ्याकडून सांगा. एमआरआयला जाताना ते काढायला विसरू नका. घरात कोणाला पेसमेकर असेल तर त्यांच्या छातीजवळ ते नको.

शेंदरी

आमच्या मारुतीला शेंदूर असतो. तो पण लोखंडाचाच ना? रंग तर जवळपास तसाच.

माजघर

नाही! बरं झालं विचारलंत, कारण मूळ लेखात विषारी म्हटलं ते हेच आणि तिथे मी नाव लिहायची राहिले.

पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचा सल्फाइड. गेरू लोखंडाचा. तिघेही लाल, तिघेही खनिज रंग, तिघेही एकाच दुकानात एकाच फळीवर. शेंदराची छटा नारिंगीकडे जाते आणि चिमूटभर घेतला तरी हाताला जड लागतो. गेरू विटकरी आणि हलका. शिसं लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं आणि त्याची सुरक्षित अशी मात्रा नाही. देवाला शेंदूर वाहा, श्रद्धेचा प्रश्न आहे आणि मी स्वतः शनिवारी मारुतीला जाते. पण मुलाच्या कपाळावर, जिभेवर, प्रसादात तो जाऊ देऊ नका आणि हात धुतल्याशिवाय खाऊ नका. पेल्याच्या प्रयोगात शेंदूरही गेरूसारखाच तळाला बसेल, तेव्हा त्या प्रयोगाने शिसं ओळखता येत नाही, हे मी स्पष्ट लिहिते. तो प्रयोग फक्त विरघळणारा रंग पकडण्यासाठी.

खाणीखालचं शेत

धागा गेरूचा आहे, पण मूळ दगडाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी दक्षिण गोव्यातला, सावर्डे-कुडचडे रस्त्याजवळ घर. हेमाटाइटचं खनिज भरलेले ट्रक दारावरून जायचे, एकामागे एक, दिवसभर. आईने सकाळी वाळत घातलेली पांढरी साडी दुपारी काढताना तांबूस व्हायची. फणसाची पानं हिरवी आहेत हे पहिला पाऊस पडल्यावर कळायचं. पावसात खाणीच्या ढिगाऱ्यांवरून गाळ यायचा तो सरळ शेतात. तो मऊ लाल गाळ वाळला की सिमेंटसारखा घट्ट होतो, त्यात भाताचं रोप मूळ धरत नाही. आमचं एक कुणगं, म्हणजे भाताच्या शेताचा तुकडा, तसंच गेलं.

२०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केली. बंदीत ट्रकवाल्यांची, बार्जवाल्यांची पोटं मारली गेली, तेही आमचेच शेजारी. त्यांचे कर्जाचे हप्ते मी पाहिलेत. म्हणून मी खाण हवी की नको यावर इथे भांडणार नाही. पण "लोखंडाची धूळ निरुपद्रवी" असं कोणी लिहिलं तर मला ते मान्य नाही.

दगडधोंडे

@खाणीखालचं शेत, तुमचं म्हणणं शास्त्रालाही धरून आहे. मी भूविज्ञान शिकलोय, दोन गोष्टी वेगळ्या करून सांगतो.

शुद्ध लोह ऑक्साइडची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर सिडेरोसिस होतो. एक्स-रेमध्ये डाग दिसतात, पण फुप्फुस त्यामानाने शाबूत राहतं. वेल्डर लोकांत हे आढळतं. पण खाणीतली धूळ शुद्ध नसते. आपल्याकडचं बरंचसं हेमाटाइट पट्टेदार खडकातलं, एक पट्टा लोखंडाचा आणि एक गारगोटीचा. गोवा, सिंधुदुर्गातलं रेडी, गडचिरोलीचं सुरजागड, सगळीकडे ही खडकांची जात ओळखीची. गारगोटीची बारीक धूळ म्हणजे सिलिका, आणि तिने होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, बरा होत नाही. जमिनीखालच्या हेमाटाइट खाणींत रेडॉन हा किरणोत्सर्गी वायूही साठतो. तसं काम कर्करोगकारक म्हणून आंतरराष्ट्रीय यादीत पहिल्या गटात आहे, तर नुसता फेरिक ऑक्साइड तिसऱ्या गटात, म्हणजे तसा ठरवता येण्याजोगा पुरावा नाही. म्हणजे खनिज तेच, पण त्याच्या संगतीला काय आहे त्यावर सगळं अवलंबून.

घरातही हाच हिशोब. गेरूत माती आहे, मातीत थोडी सिलिका आहे. तेव्हा चाळणीने कोरडा चाळत बसू नका, थेट पाण्यात भिजत घाला.

जाता जाता: २००४ मध्ये ऑपॉर्च्युनिटी ही गाडी मंगळावर उतरली तेव्हा तिला जमिनीवर हेमाटाइटच्या बारीक गोळ्या विखुरलेल्या सापडल्या. पाण्याच्या सान्निध्यात तशा तयार होतात. तिथे एके काळी पाणी होतं, याचा तो मोठा पुरावा ठरला. मंगळाचा तांबडा रंगही लोखंडाच्या ऑक्साइडचाच.

डाळिंबवाला

सगळं वाचलं. आमच्याकडे सांगोला भागात गेरू पोत्यांनी लागतो, पण तुळशीला नाही, डाळिंबाच्या खोडाला. खोडकिडा आणि शॉट होल बोरर लागू नये म्हणून जमिनीपासून दीड-दोन फूट खोडाला पेस्ट देतात. गेरू भिजवायचा, त्यात कीटकनाशक आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक. गेरू स्वतः किडा मारत नाही, तो औषध खोडाला धरून ठेवतो.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो, आजही अंगावर काटा येतो. पेस्ट देऊन झाली, बादलीत चार बोटं गेरू उरला. ती बादली मी ओट्याच्या कडेला ठेवून जेवायला बसलो. दुसऱ्या दिवशी वसुबारस. घरच्यांना वाटलं मी अंगणासाठी गेरू कालवून ठेवलाय. आईने त्यानेच अंगणात पट्टा दिला, आणि धाकटीने दोन्ही हात बुडवून भिंतीवर पंजे उमटवले. मी बाहेर आलो तेव्हा ती तोच हात तोंडाकडे नेत होती. उचलून थेट नळाखाली धरली, कपडे काढले, साबणाने अंघोळ घातली, तालुक्याच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी रात्रभर लक्ष ठेवलं. काही झालं नाही. आईला दोन दिवस डोकेदुखी आणि मळमळ होती, तिलाही औषध दिलं.

वासावरून का कळलं नाही, असं सगळे विचारतात. ओल्या मातीच्या वासात औषधाचा वास दबतो.

सहाण

@डाळिंबवाला, तुम्ही केलंत ते योग्य केलंत: धुणं, कपडे काढणं, वेळ न घालवता दवाखाना. यात एकच जोडते. अशा वेळी मुलाला उलटी काढायला लावू नका, मीठ-पाणी पाजू नका, आणि औषधाचा डबा सोबत न्या म्हणजे डॉक्टरांना घटक वाचता येतात.

माजघर

दादा, हे लिहिलंत म्हणून फार उपकार. मी एवढं सगळं लिहिलं पण उरलेल्या बादलीचा विचार माझ्याही डोक्यात आला नव्हता. शेतातला गेरू आणि घरातला गेरू यांची भांडीच वेगळी हवीत. आता काय व्यवस्था केलीत?

डाळिंबवाला

ताई, पेस्टची बादली आता निळी आहे, घरात निळी बादली ठेवतच नाही. तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने "विष" लिहिलंय, मोटारीच्या खोलीत कुलपात असते. आणि त्यातल्या गेरूत मी मूठभर कोळशाची पूड घालतो, म्हणजे तो काळपट दिसतो. अंगणात द्यावा असं कुणाला वाटणारच नाही.

अंगणासाठीचा गेरू आई आता स्वतः आणते. परवा तुमचा पेला तिने करून पाहिला. सकाळी उठून मला दाखवायला आणला, म्हणाली, "बघ, पाणी निवळलं."